अस्वाभाविक ठोका कोणता? : हृदयाच्या आलेखाविषयीं थोडेंसें



जालन्याच्या बाजारांत बियाण्याची पिशवी घेतांना शेतकरी पिशवीवरचे आंकडे पाहतो. आणि घरांतल्या वडील माणसाचा कार्डिओग्राम काढून आणला म्हणजे शिकलेलीं मुलें त्या कागदावरचे आंकडे पाहतात. पिशवीवरच्या आंकड्याचा अर्थ शेतकऱ्याला बहुधा कळतो. कार्डिओग्रामवरच्या आंकड्यांचा अर्थ मात्र घरांत कोणालाच नीटसा कळत नाहीं. आणि तो कळत नाहीं म्हणूनच कागदाच्या माथ्यावर यंत्रानें छापलेला एकच शब्द सर्वांच्या मनांत ठाण मांडून बसतो. तो शब्द 'नॉर्मल' असला तर घर निश्चिंत होतें. 'अॅबनॉर्मल' असला तर त्या रात्रीं कोणाच्या डोळ्याला डोळा लागत नाहीं. पुष्कळ वेळां ही निश्चिंतता अस्थानीं असते आणि ही भीतिही अस्थानींच असते.

हृदयाच्या ठोक्यांचें कोणतें माप स्वाभाविक आणि कोणतें अस्वाभाविक, हें कोणीं ठरविलें, कशावरून ठरविलें, आणि त्यावर आपण कितपत विसंबावें, हें आज मी थोडक्यांत सांगणार आहें. ऐकणाऱ्यांनीं आपल्या आप्तांचे आलेख स्वतः वाचून निदान करावें असा माझा हेतु नाहीं. परंतु डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारावा एवढें जरी घरोघरीं समजलें तरी पुष्कळ हित होईल.

नाडी पाहणें आपल्याकडे नवें नाहीं. शार्ङ्गधराच्या वैद्यकग्रंथांत नाडीच्या गतीला सर्प, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चालीची उपमा दिलेली आहे. ठोके जलद कीं मंद, एकसारखे कीं अडखळते, हें जाणत्या बोटाला कळतें. परंतु ठोका पडण्यापूर्वीं हृदयाच्या स्नायूंत जी सूक्ष्म विद्युत् खेळून जाते ती बोटाला कळत नाहीं. १८८७ सालीं लंडन येथें ऑगस्टस वॉलर यांनीं ती जिवंत माणसाच्या शरीरावरून प्रथम टिपली. पुढें हॉलंडमधील लायडेन विद्यापीठांतील प्राध्यापक विलेम आइंटहोव्हेन यांनीं चुंबकाच्या दोन टोंकांमध्यें एक अत्यंत बारीक तार ताणून असें यंत्र तयार केलें कीं, त्या तारेच्या थरथरण्यावरून हृदयांतील विद्युतेचा स्पष्ट आलेख निघूं लागला. त्या यंत्राचें वजन सुमारें २७० किलो होतें. तें चालविण्यास पांच माणसें लागत. आणि रोग्याला आपले हात व पाय मिठाच्या पाण्यानें भरलेल्या भांड्यांत बुडवून बसावें लागे. या शोधाबद्दल आइंटहोव्हेन यांना १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आज तेंच काम हातांतील पिशवींत मावेल एवढें यंत्र करतें, आणि तें अंबड, परतूर, भोकरदन यांसारख्या तालुक्याच्या गांवींही पोहोंचलें आहे.

आतां त्या कागदाकडे पाहूं. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांत एक लहानशी गांठ आहे. पथकांतल्या ताशेवाल्यानें ताल धरावा आणि बाकीच्यांनीं त्याच्यामागें चालावें, त्याप्रमाणें ही गांठ ताल धरते आणि सारें हृदय तिच्यामागें चालतें. शास्त्रज्ञ तिला 'सायनस नोड' म्हणतात. आपण तिला नायक गांठ म्हणूं. तेथून निघालेली विद्युत् प्रथम वरच्या दोन कप्प्यांतून पसरते. आलेखावर त्याची एक बुटकी लाट उमटते, तिचें नांव 'पी'. मग ती मधल्या एका अरुंद वाटेवर क्षणभर थबकते. वरच्या कप्प्यांतलें रक्त खालीं उतरावयास तेवढा अवधि हवा असतो, म्हणून हें थबकणें सोयीचेंच आहे. त्यानंतर ती खालच्या दोन बलवान् कप्प्यांतून वेगानें धांवते. तेव्हां आलेखावर जो उंच, टोंकदार सुळका दिसतो त्याच्या तीन भागांना 'क्यू', 'आर', 'एस' अशीं नांवें आहेत. शेवटीं खालचे कप्पे पुन्हां विश्रांतीस येतात. ती 'टी' लाट. हीं अक्षरें आइंटहोव्हेन यांनींच रूढ केलीं, आणि तीं आजपर्यंत बदललेलीं नाहींत.

कागदावर बारीक चौकटी छापलेल्या असतात. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगानें सरकतो. म्हणून एक मिलिमीटरची लहान चौकट म्हणजे ०.०४ सेकंद, पांच लहान चौकटींची एक मोठी चौकट म्हणजे ०.२० सेकंद, आणि अशा पांच मोठ्या चौकटी म्हणजे एक सेकंद. ठोके नियमित असतील तर हिशेब अगदीं सोपा आहे : दोन सुळक्यांमध्यें किती मोठ्या चौकटी आहेत त्या मोजाव्या आणि ३०० ला त्या संख्येनें भागावें. पांच चौकटी असतील तर मिनिटाला ६० ठोके, तीन असतील तर १००, दोन असतील तर १५०. ठोके अनियमित असतील तर ही युक्ति फसते. मग दहा सेकंदांतले सुळके मोजून त्यांना सहांनीं गुणावें.

अशाच रीतीनें आणखी तीन अंतरें मोजतात. 'पी' लाटेच्या आरंभापासून सुळक्याच्या आरंभापर्यंतचें अंतर ०.१२ ते ०.२० सेकंद, म्हणजे तीन ते पांच लहान चौकटी असावें. सुळक्याची रुंदी ०.१२ सेकंदापेक्षां, म्हणजे तीन लहान चौकटींपेक्षां कमी असावी. आणि सुळक्याच्या आरंभापासून 'टी' लाटेच्या शेवटापर्यंतचें अंतर, ज्याला 'क्यूटी' म्हणतात, तें नाडीच्या वेगाचा हिशेब धरून पुरुषांत साधारण ०.४५ व स्त्रियांत ०.४६ सेकंदांच्या आंत असावें. यंत्र हेंच मोजतें, सीमेशीं ताडून पाहतें, आणि सीमेबाहेर कांहीं दिसलें कीं 'अॅबनॉर्मल' असें छापतें.

पण ही सीमा आली कोठून? येथें मी पुन्हां बियाण्याच्या पिशवीकडे वळतों. जालना हें बियाण्याच्या व्यापाराचें मोठें केंद्र असल्यामुळें येथल्या श्रोत्यांना हें उदाहरण लगेच पटेल. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ति शेंकडा ७० पेक्षां कमी नसावी असा नियम आहे. आतां शेंकडा ७१ उगवणारें बियाणें आणि शेंकडा ६९ उगवणारें बियाणें यांत निसर्गानें कोठें भिंत उभारली आहे? कोठेंच नाहीं. ती रेघ माणसांनीं एकत्र बसून ओढली. कारण रेघ नसेल तर व्यवहारच चालणार नाहीं. हृदयाच्या आलेखावरील पुष्कळशा रेघा अशाच आहेत. निरोगी माणसांचे पुष्कळ आलेख काढावयाचे, मापें ओळीनें मांडावयाचीं, आणि दोन्ही टोंकांकडचीं थोडथोडीं सोडून मधल्या शेंकडा ९५ जणांना 'स्वाभाविक' म्हणावयाचें, ही त्यांतली नेहमींची रीत. या रीतीचा अर्थ नीट ध्यानांत घ्या : शंभर निरोगी माणसांपैकीं पांच जण केवळ या व्याख्येमुळेंच 'अस्वाभाविक' ठरतात. त्यांना रोग झालेला नसतो.

नाडीच्या वेगाची ६० ते १०० ही सीमा तर बरीचशी सोयीची आहे. पांच चौकटी आणि तीन चौकटी मोजावयास सोप्या जातात, हा त्यांतला एक लाभ. कांहीं तज्ज्ञांनीं ५० ते ९० ही सीमा अधिक योग्य असें सुचविलें आहे. आणि अमेरिकेंतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनीं २०१८ सालीं मंद नाडीविषयीं जे नियम प्रसिद्ध केले त्यांत मंदपणाची सीमा ६० ऐवजीं ५० धरली. म्हणजे मिनिटाला ५५ ठोके पडणारा मनुष्य एका पुस्तकाप्रमाणें अस्वाभाविक आणि दुसऱ्याप्रमाणें स्वाभाविक! त्याच्या हृदयांत मात्र कांहींच बदललेलें नसतें. रोज दूर पल्ल्याचें धांवणाऱ्या तरुणाची नाडी विश्रांतींत ४५ भरली तर तें त्याच्या हृदयाचें बळ होय. नवजात अर्भकाची नाडी १४० असली तर तें सुदृढ आहे. जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यांत भट्टीसमोर काम करणाऱ्या मजुराची नाडी भर दुपारीं १२० झाली तर तें हृदय आपलें कर्तव्यच करीत आहे. तोच १२० चा आंकडा रात्रीं शांत निजलेल्या वृद्धाच्या मनगटीं लागला, तर मात्र त्याचें कारण शोधलेंच पाहिजे.

'क्यूटी'च्या अंतराची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. नाडी जलद झाली कीं हें अंतर आपोआप आंखूड होतें. म्हणून १९२० सालीं बॅझेट यांनीं अवघ्या ३९ निरोगी तरुणांच्या आलेखांवरून एक सूत्र बसविलें : मोजलेल्या अंतराला दोन ठोक्यांमधील काळाच्या वर्गमुळानें भागावें. समजा, हें अंतर ०.४० सेकंद आहे. नाडी ६० असेल तर सूत्रानें उत्तर ०.४० येतें, आणि तें निर्दोष आहे. नाडी १०० असेल तर त्याच ०.४० चें उत्तर ०.५१ च्या वर जातें, आणि तें भीतिदायक वाटतें. पुन्हां हें सूत्र जलद नाडीच्या वेळीं उत्तर थोडें फुगवितें, हेंही पुढें दिसून आलें. आजही बहुतेक यंत्रांच्या पोटांत हेंच सूत्र बसविलेलें असतें. तेव्हां जें यंत्र 'अॅबनॉर्मल' असें छापतें त्याच्यामागें एक शतकापूर्वींचा हिशेब उभा आहे, हें विसरूं नये.

एवढें ऐकून कोणी म्हणेल कीं, मग या रेघांना अर्थच नाहीं. तसें मुळींच नव्हे. अस्वाभाविकपणा ठरविण्याची दुसरी एक रीत आहे, आणि ती आंकड्यांपेक्षां खोल जाते. ठोका किती वेगानें पडतो हें विचारण्याऐवजीं तो कोठून निघतो आणि कोणत्या वाटेनें जातो, हें ती विचारते.

कल्पना करा कीं, एका गृहस्थांची नाडी मिनिटाला ८० आहे. आंकडा अगदीं मधोमध बसणारा. पण आलेखावर 'पी' लाट कोठेंच दिसत नाहीं. तिच्या जागीं पाण्यावरच्या तरंगांसारखी बारीक थरथर आहे. आणि सुळक्यांमधील अंतरें एकदां तीन चौकटी, एकदां पांच, एकदां चार, अशीं कांहीं धरबंध नसलेलीं. नायक गांठीचा ताल नाहींसा झाला असून वरचे कप्पे आकुंचन न पावतां नुसते थरथरत आहेत. याला 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. अशा थरथरणाऱ्या कप्प्यांत रक्त साचून गुठळी होण्याचा संभव असतो, आणि ती गुठळी मेंदूंत गेली तर पक्षाघात होतो. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम गांवीं १९४८ पासून चाललेल्या प्रसिद्ध पाहणींत असें आढळलें कीं, या विकारानें पक्षाघाताचा धोका सुमारें पांचपट होतो. म्हणजे ४५ नाडीचा तो धांवपटु निरोगी, आणि ८० नाडीचे हे गृहस्थ उपचाराच्या अधीन! नुसत्या आंकड्यावर विसंबणाऱ्याची येथें उलटच समजूत झाली असती.

तसेंच मधल्या अरुंद वाटेचें. तेथें विद्युत् नेहमींपेक्षां अधिक थबकूं लागली, तर 'पी' आणि सुळका यांमधील अंतर ०.२० सेकंदाहून अधिक होतें. प्रत्येक ठोका उशिरां कां होईना, पोहोंचतो. याला पहिल्या पायरीचा अडथळा म्हणतात. तो बहुधा निरुपद्रवी समजला जाई, परंतु त्याच फ्रॅमिंगहॅमच्या नोंदींवरून २००९ सालीं असें दिसून आलें कीं, तो अगदींच दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं. अशा माणसांवर वर्षानुवर्षें लक्ष ठेवणें बरें. दुसऱ्या पायरीला मधून मधून एखादा ठोका वाटेंतच अडतो आणि 'पी' लाटेमागून सुळका येतच नाहीं. वेंकेबाख यांनीं १८९९ सालीं, कार्डिओग्रामचें यंत्र निघण्यापूर्वीं, केवळ नाडीच्या नोंदींवरून यांतला एक प्रकार ओळखला होता! तिसऱ्या पायरीला वाट पूर्ण बंद होते. वरचे कप्पे आपल्या तालानें आणि खालचे आपल्या, बहुधा मिनिटाला ३०-४० अशा मंद तालानें चालतात. मनुष्य चालतां चालतां भोंवळ येऊन पडतो, आणि त्याला विजेचें ठोका देणारें यंत्र, म्हणजे पेसमेकर, बसवावें लागतें. पहिली पायरी आणि तिसरी पायरी या दोहोंवर यंत्र एकच शब्द छापतें : 'अॅबनॉर्मल'. पण एकींत पुढच्या वर्षीं पुन्हां या असें सांगून पाठवितात, आणि दुसरींत त्याच दिवशीं रुग्णालयांत ठेवून घेतात.

तिसरी रीत धोक्यावरून ठरविण्याची. खालच्या कप्प्यांतूनच उठणारे, रुंद सुळक्यांचे तीन किंवा अधिक ठोके मिनिटाला १०० पेक्षां अधिक वेगानें ओळीनें आले, तर त्यास 'व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिआ' म्हणतात. आणि ते ३० सेकंद टिकले तर तो दीर्घ प्रकार समजून तांतडीनें उपाय करतात. जागेपणीं हृदय तीन सेकंदांहून अधिक काळ थांबलें तर तें गंभीरपणें घेतात. 'क्यूटी'चें दुरुस्त केलेलें अंतर ०.५० सेकंदाच्या वर गेलें तर प्राणघातक गति उद्भवण्याची भीति असते; विशेषतः ओकाऱ्या व जुलाबांनीं शरीरांतील पोटॅशियम कमी झालें असतां, किंवा हें अंतर वाढविणारीं कांहीं औषधें चालू असतां. येथेंही रेघा माणसांनींच ओढल्या आहेत. पण त्या ओढतांना किती जण सीमेबाहेर पडतात हें न पाहतां, सीमेबाहेर पडलेल्यांचें पुढें काय होतें हें पाहिलेलें आहे.

आणि पुढें काय होतें हें पाहिल्याविना केवळ आलेख सुधारूं गेलें तर काय अनर्थ होतो, याचें एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासांत आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांच्या आलेखांत खालच्या कप्प्यांतून अवेळीं उठणारे ठोके पुष्कळ दिसले, तर अशीं माणसें दगावण्याचा संभव अधिक, हें ठाऊक होतें. तेव्हां औषधांनीं ते ठोके दाबले म्हणजे प्राण वांचतील, असें तर्कशास्त्र सर्वांना बिनतोड वाटलें. अमेरिकेंत मोठ्या प्रमाणावर ही गोष्ट ताडून पाहण्यांत आली. १९९१ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्यांत एन्केनाइड व फ्लेकेनाइड हीं औषधें घेणाऱ्या ७५५ जणांपैकीं ६३ मरण पावले होते, आणि औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकीं अवघे २६. ठोके दाबले गेले होते. माणसें मात्र अधिक गेलीं होतीं. आपल्याला उपचार कागदावर करावयाचा नसून माणसावर करावयाचा आहे, हा धडा त्या प्रयोगानें जगाला दिला. यावरून कोणी आपलें चालू औषध मात्र स्वतःच्या मनानें बंद करूं नये. त्यांतलें फ्लेकेनाइड हें औषध निराळ्या रोग्यांना उपयोगीही पडतें. कोणाला काय द्यावें हा विवेकच तर येथें मुख्य आहे.

हाच विवेक आपल्या जिल्ह्यांत जन्मलेल्या एका वैद्याच्या कामांत फार स्पष्ट दिसतो. भोकरदन तालुक्यांतील देहेड या खेड्यांतले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० नंतरच्या दशकांत कोंकणांत महाडनजीक बिरवाडी येथील सरकारी आरोग्यकेंद्रांत काम करूं लागले. लाल विंचवाच्या दंशानें तेथें धडधाकट माणसें व लहान मुलें दगावत. हें विष मज्जातंतूंना एकसारखें चेतवीत राहतें, आणि त्या वादळांत हृदय सांपडतें. आरंभीं ओकारी, घाम व लाळ यांबरोबर कित्येकांची नाडी मंद असते. पुढें हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, नाडी भरधांव सुटते. आलेखांत अवेळीं ठोके आणि 'टी' लाटेचे बदल दिसूं लागतात. आणि शेवटीं थकलेल्या हृदयामुळें फुप्फुसांत पाणी भरतें. एकाच रोग्याचे चार तासांच्या अंतरानें काढलेले दोन आलेख अशा वेळीं दोन निराळ्या माणसांचे वाटावे! नुसता आंकडा पाहणाऱ्याला यांतून कांहीं उमगलें नसतें. डॉ. बावस्करांनीं रोग्याच्या खाटेजवळ बसून लक्षणें, वेळ आणि मापें यांची सांगड घातली. धोक्याच्या पूर्वचिन्हांवरील त्यांचा लेख १९८२ सालीं 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय पत्रांत आला. प्रॅझोसिन या साध्या व स्वस्त औषधाच्या उपयोगावरील लेख त्याच पत्रांत १९८६ सालीं आला. पुढें प्रॅझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरील लस दिल्यानें रोगी लवकर सुधारतो, हें त्यांनीं २०११ सालीं दाखवून दिलें. पूर्वीं भयंकर असलेलें मृत्यूचें प्रमाण या उपचारानें अगदीं थोडक्यावर आलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री हा बहुमान मिळाला. देहेडच्या या माणसानें मापाला हिणविलें नाहीं आणि त्याची पूजाही केली नाहीं. माप कोणाचें, कोणत्या घटकेचें आणि कोणत्या लक्षणांबरोबरचें, एवढेंच त्यांनीं विचारलें.

आतां एका शेवटच्या मर्यादेकडे लक्ष वेधतों. आपलें हृदय दिवसांत सुमारें एक लाख वेळां ठोका देतें. नेहमींचा कार्डिओग्राम दहा सेकंदांचा. त्यांत फार तर दहाबारा ठोके सांपडतात. लाखांतले दहाबारा पाहून आपण हृदयाची परीक्षा करीत असतों! ज्याला आठवड्यांतून एकदां दोन मिनिटें धडधड होते त्याचा आलेख एरवीं अगदीं निर्दोष निघेल. म्हणून अमेरिकेंतील नॉर्मन होल्टर यांनीं २४ तास अंगावर बाळगण्याचें यंत्र काढलें. १९६१ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें, आणि आज त्यांच्याच नांवानें तें ओळखलें जातें. हृदयविकाराच्या झटक्यांतसुद्धां पहिला आलेख निर्दोष दिसूं शकतो. थोड्या वेळानें पुन्हां काढल्यावर दोष उघड होतो. उलट, रोगी थंडीनें कांपत असला किंवा तारा चुकीच्या जागीं लावल्या असल्या, तर निरोगी हृदयाचाही आलेख वेडावांकडा निघतो आणि यंत्र फसतें. यंत्राचा शब्द ही सूचना आहे. निर्णय जाणत्या डॉक्टरांचा.

तेव्हां घरीं काय करावें? पहिलें, जुना कार्डिओग्राम फेंकून देऊं नये. जमिनीच्या सातबाराच्या उताऱ्याप्रमाणें तो फायलींत जपून ठेवावा. कारण नव्या आलेखाची उत्तम कसोटी त्याच माणसाचा जुना आलेख ही होय. चकचकीत कागदावरील अक्षरें कालांतरानें पुसट होतात, म्हणून त्याची एक प्रत काढून ठेवावी. दुसरें, डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावे : ठोका नायक गांठींतूनच निघतो आहे काय? पूर्वींच्या आलेखांत आणि यांत कांहीं फरक आहे काय? आणि जो फरक आहे त्यापासून पुढें अपाय संभवतो काय? तिसरें, धडधड, भोंवळ किंवा धाप लागली असेल तर ती केव्हां, किती वेळ आणि काय करीत असतांना लागली, हें टिपून न्यावें. त्या चार ओळी कित्येकदां आलेखाइतक्याच मोलाच्या ठरतात.

परंतु छातींत दाबल्यासारखें दुखूं लागलें, शुद्ध हरपली, धाप थांबेना, किंवा विंचू चावल्यावर ओकारी, दरदरून घाम व गार हातपाय अशीं चिन्हें दिसलीं, तर जुना कागद शोधण्यांत किंवा नवा कागद नॉर्मल येतो कीं काय याची वाट पाहण्यांत एक क्षणही घालवूं नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळचें रुग्णालय गांठावें. तेथें आलेख निघेल आणि तो वाचलाही जाईल; पण तो वाचणाऱ्यासमोर माणूस वेळेवर पोहोंचविणें, एवढें काम आपलें आहे.